घरांच्या दलालीतील फजित्या आणि त्यांचे धडे



या व्याख्यानमालेत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांवर विद्वानांची भाषणे आपण ऐकत आला आहात. त्या पंक्तीला बसण्याइतकी विद्या आमच्यापाशी नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात, सवड मिळेल तसे. चालकांनी आम्हांस कामगार चळवळीवर बोलण्यास सुचविले होते. पण त्या विषयावर पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. चळवळीत पडण्यापूर्वी चौदा वर्षे आम्ही मुंबईत लालबाग-परळ भागात घरांची दलाली केली, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नाही. आम्हीही ते कधी मिरविले नाही. तरी आज त्याच धंद्याविषयी बोलावे असे ठरविले आहे. कारण या मांडवात असा कोण आहे, की ज्याला जन्मात एकदा तरी घर शोधावे लागले नाही, अगर पुढे लागणार नाही?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. त्यांत आमचे वडील होते. ते साचा खात्यात होते, ते पुन्हा साच्यावर गेले नाहीत. १९८८ साली आम्ही एका दलालाकडे उमेदवारीला लागलो. त्यांना सारी वाडी मामा म्हणत असे. मामांची कचेरी म्हणजे एका इराण्याच्या हॉटेलातले कोपऱ्यातले टेबल, आणि टेलिफोन शेजारच्या पानवाल्याचा. भांडवल एक वही. तीत कुठली खोली रिकामी होणार, कोणाच्या मुलाचे लग्न ठरले, कोण गावी परत जाणार, याच्या नोंदी. भाड्याच्या जागेला एक महिन्याचे भाडे आणि विक्रीला शेकडा एक ते दोन, ही दलाली. व्यवहार झाला तर पैसे. न झाला तर चहाचे बिलसुद्धा आपल्याच खिशातून. हा शेवटचा नियम आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी आपल्याला काम आहे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मामांनी एक किल्ली दिली आणि म्हणाले, "तिसरा माळा, डाव्या हाताची चौथी खोली, गिऱ्हाइकाला दाखवून ये." गिऱ्हाईक म्हणजे नुकतेच लग्न झालेले एक कारकून, सोबत पत्नी आणि सासूबाई. आम्ही ऐटीत कुलूप काढले, दार ढकलले. आत जमिनीवर एका रांगेत अकरा माणसे झोपलेली! रात्रपाळी करून आलेली. एकाने डोक्यावरचे पांघरूण काढून विचारले, "कोण रे? पाणी आलं का?" सासूबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही माणसं खोलीबरोबरच मिळतात का?"

आम्ही खोली चुकलो नव्हतो. ती एका गावच्या मंडळाची खोली होती. अशा खोल्या गिरणगावात पुष्कळ होत्या. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावाने वर्गणी काढून खोली घ्यायची. त्या गावचा जो कोणी मुंबईला येईल त्याने ट्रंक तिथे ठेवायची आणि पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा झाला. भाडेपावती ज्याच्या नावाची, त्याने खोली काढायची म्हणून मामांना सांगितले होते आणि किल्लीही दिली होती. उरलेल्या गावकऱ्यांना त्याने पत्ताच लागू दिला नव्हता. आत झोपलेल्यांना बाहेरून कुलूप यासाठी, की दिवसा कोणी उठवू नये.

यातून आम्ही पहिला धडा शिकलो. घर ही एक वस्तू दिसते, पण तिच्यावर चार वेगवेगळे हक्क बसलेले असतात. जमीन-इमारत मालकाची. भाडेपावती भाडेकरूची. प्रत्यक्ष कबजा कदाचित पोटभाडेकरूचा. आणि वहिवाट आणखी दहा जणांची. घर पाहायला जाणारा मनुष्य भिंती, खिडकी, नळ पाहतो. हे चार हक्क भिंतीवर लिहिलेले नसतात. ते विचारावे लागतात.

आता पागडीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण मुंबईच्या जुन्या घरांचा सारा गुंता तिच्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. फाळणीचे, टंचाईचे दिवस. भाडेकरूला संरक्षण हवेच होते, आणि त्या संरक्षणावरच गिरणगाव तगला हे आम्ही कामगारांची पोरे कसे विसरू? पण भाडे गोठले आणि महागाई वाढत गेली. तेव्हा खोलीची खरी किंमत भाड्यात मावेना. ती पागडी म्हणून बाहेर पडली. भाडे पंधरा-वीस रुपये आणि खोली बदलताना पागडी हजारांची, पुढे लाखांची. त्यातला एक हिस्सा मालकाला, बाकीचा सोडून जाणाऱ्या भाडेकरूला. पण त्या कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता. म्हणून हा सारा पैसा रोख, रुमालात बांधून, दोन साक्षीदारांसमोर. पावती नाही, कागद नाही. शब्दावर चाललेला हा व्यवहार बहुधा नीट पार पडे, हे खरेच आश्चर्य. पण जेव्हा पार पडत नसे तेव्हा दाद मागायला जागा नव्हती. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्याने पागडीची देवघेव कायदेशीर केली. म्हणजे त्या दिवसापासून पावती घेण्यास कसलीच आडकाठी उरली नाही. हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी फजिती मापाची. नव्वद सालानंतर उपनगरांत नव्या इमारतींचे पेव फुटले आणि मामांनी आम्हांस तिकडची कामे दिली. आमच्या ओळखीचा एक शिंपी होता. जन्म चाळीत गेलेला, आता पोरांसाठी स्वतःचे घर घ्यायचे म्हणून पै-पै जोडलेली. बांधकामवाल्याच्या माणसाने आम्हांस सांगितले तसे आम्ही त्याला सांगितले, "साडेचारशे फूट आहे." त्याने खिशातून आपली टेप काढली, गुडघ्यावर बसला आणि बंडीचे माप घ्यावे तशी खोली मोजू लागला. स्वयंपाकघर, न्हाणी, दाराची चौकट, काही सोडले नाही. दर भिंतीला आकडा बोलायचा आणि बायकोने तो पिशवीवर खडूने लिहायचा. बेरीज झाली दोनशे अठ्ठ्याण्णव. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मी गिऱ्हाइकाच्या कापडातून एवढी कात्रण काढली असती तर दुकान बंद पडलं असतं."

आम्ही खोटे बोललो नव्हतो; आम्हांसच ठाऊक नव्हते. साडेचारशेच्या आकड्यात बाहेरच्या भिंतींची जाडी, जिना, वऱ्हांडा, गच्चीवरची टाकी, असा सगळ्याचा वाटा धरलेला होता. अमक्याने शेकडा पंचवीस चढवावेत, तमक्याने पन्नास. कोणाचा हात धरणार? बी.डी.डी. चाळीतल्या कोणाची कधी अशी फसगत झाली नाही, कारण तिथली खोली १६० चौरस फुटांची हे पोरासोरांनाही पाठ. आता २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला लोक रेरा म्हणतात, नव्या प्रकल्पातले घर चटई क्षेत्रावरच विकले पाहिजे असे ठरविले आहे. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरात येणारी जमीन. आतल्या पडद्या-भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरीत नाहीत. तेवढा आकडा करारात आहे की नाही ते पाहावे. आणि शिंप्याची टेप बरोबर न्यावी. कायद्यापेक्षा ती जुनी आहे आणि अजून चालते.

तिसरी गोष्ट फजितीची नव्हे, शरमेची आहे. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. त्यानंतर पुष्कळ कुटुंबे आपापली वस्ती शोधीत हलली. एक मुसलमान गृहस्थ, गिरणीत फिटर, आमच्याकडे भाड्याची खोली मागत येत असत. पूर्वीची खोली जळाली होती. जागा होत्या; पण मालक आधीच बजावून ठेवीत. मामा आमच्या कानात सांगत, "गेली म्हणून सांग." आम्ही सांगत असू, "जागा गेली." असे आठ-दहा वेळा झाले. शेवटी ते म्हणाले, "तुमच्याकडच्या जागा फार लवकर जातात. धंदा बरा चाललेला दिसतो." रागाचा एक शब्द नाही. चहाचे पैसे देऊन निघून गेले.

हे पलीकडच्या टेबलावरून एका म्हातारीने ऐकले. गिरणी कामगारांची खाणावळ चालवून चार मुले वाढविलेली बाई. मामांना म्हणाली, "माझी मागची खोली रिकामी आहे, ती दे त्याला." मामा म्हणाले, "मावशी, शेजारी काय म्हणतील?" ती म्हणाली, "माझ्या ताटावर वीस वर्षं सगळ्या जातीची माणसं जेवली. शेजाऱ्यांनी तेव्हा काय केलं?" मग फिटरला बोलावून तिने एकच विचारले, "रात्रपाळी असते का? असली तर कडी वाजवून मला उठवायचं नाही." अनामत मात्र इतरांइतकीच घेतली. आठ दिवस चाळीत कुरकूर झाली; पुढे नळावरची भांडणे निघाली आणि ती कुरकूर विसरली गेली.

आडनाव विचारून, ताटात काय पडते ते विचारून घर नाकारणे आजही थांबलेले नाही. कायदाही इथे फार मदतीला येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. मालक नाकारतो, पण नकार तोंडाने उच्चारतो तो दलाल. "जागा गेली" हे आमच्या तोंडचे शब्द होते, आणि ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून म्हटले एवढ्याने आमचे देणे फिटत नाही.

आता ज्या घटनेने आम्ही धंदा सोडला, तिच्याकडे येतो. साल २००२. गिरण्या एकामागून एक बंद होत होत्या आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे कामगारांच्या हाती पडत होते. जन्मात न पाहिलेली रक्कम एकदम हातात. भोवती सल्ला देणारे उदंड. वडिलांच्याच साचा खात्यातला एक विणकर आमच्याकडे आला. आम्हांस लहानपणापासून ओळखणारा. आम्ही त्याला काका म्हणत असू. त्याला पागडीची एक खोली हवी होती. एक खोली आली. पावती एका वारलेल्या कामगाराच्या नावाची; विकणारा त्याचा पुतण्या. म्हणाला, "काकी कायमची गावी लेकीकडे गेली. आता मीच."

आम्ही खोली पाहायला गेलो. वलणीवर एक नऊवारी लुगडे वाळत होते. आम्ही विचारले. पुतण्या म्हणाला, "जुनं आहे, बोहारणीला द्यायचंय." भिंतीवर कालनिर्णय होते आणि त्यावर पेन्सिलीने दुधाचे खाडे मांडलेले, परवाच्या तारखेपर्यंत. ते आम्ही पाहिले. आज इतक्या वर्षांनी आम्ही आपल्यासमोर कबूल करतो की ते आम्ही पाहिले. जी बाई परवापर्यंत दुधाचा हिशेब ठेवते, ती घर सोडून कायमची गेलेली नसते. एवढे कळण्याइतकी अक्कल आम्हांस होती. पण तीन लाखांच्या व्यवहारावर शेकडा दोन म्हणजे सहा हजार, आणि त्याआधी दोन महिने आमची एकही जागा लागली नव्हती.

दोन लाख रुपये दिले गेले. उरलेले एक लाख मालक पावती बदलून देईल तेव्हा. पावती लिहून घ्यावी असे काका म्हणाला. आम्ही म्हणालो, "पागडीची पावती कोण देतो?" नवा कायदा येऊन दोन वर्षे झाली होती, पण आमच्या धंद्याची जीभ जुनीच होती.

तीन आठवड्यांनी काकी परत आली. भावाच्या दिवसांना गावी गेली होती. एस.टी.ची पिशवी हातात, आणि दारात परक्या बाईच्या चपला. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. काकाच्या बायकोने तिला आत नेले, चहा दिला, आणि चहा पिता पिता दोघींना उलगडा झाला. पुतण्या तोवर पसार. चौकीवर पहिला प्रश्न आला, "पावती?" मालक म्हणाला, माझ्या पुस्तकात म्हातारीच्या नवऱ्याचे नाव आहे, तिला मी ओळखतो, तुम्हांस नाही. ते खरेच होते. काकाने भांडण केले नाही. आठव्या दिवशी स्वतःच्या हाताने किल्ली म्हातारीला दिली आणि बिऱ्हाड घेऊन साताऱ्याकडे गावी गेला. चाळीस वर्षे साच्यावर उभे राहून मिळालेल्या रकमेतले दोन लाख गेले, ते गेले. आम्ही सहा हजार परत केले. तेही एकदम जमले नाही, तीन हप्त्यांत. काकाने दर वेळी पोस्टकार्डाने पोच पाठविली. पावतीचे महत्त्व त्याला आमच्यापेक्षा अधिक कळले होते.

आपण म्हणाल, एक लबाड पुतण्या आणि एक निष्काळजी दलाल, यात शिकण्यासारखे काय? आम्हीही बरेच दिवस असेच समजत होतो. पुढे युनियनमध्ये तुकड्यावरच्या मजुरीचे प्रश्न हाताळू लागलो तेव्हा कोडे सुटले. विणकराला तुकड्यावर मजुरी मिळते. जितके वार, तितके पैसे. म्हणून तो घाई करणार, हे गिरणीमालकालाही ठाऊक असते. त्यासाठी कापड पुढे घडी खात्यात जाते आणि तिथे दुसरा मनुष्य दोष पाहतो. त्याचा पगार वारावर नसतो. घराच्या धंद्यात दलालही तुकड्यावरच राबतो. व्यवहार झाला तरच मजुरी. पण इथे घडी खातेच नाही! विणणारा तोच, तपासणारा तोच. "हे घर घेऊ नका" असे सांगण्याचे त्याला कोणी पैसे देत नाही. उलट तसे सांगितले तर महिन्याची चूल अडते. चांगला मनुष्यसुद्धा अशा स्थितीत कालनिर्णयाकडे पाठ करून उभा राहतो. दलालाला शिव्या देऊन हे बदलणार नाही. आपले घडी खाते आपणच उभे केले पाहिजे.

ते कसे, ते थोडक्यात सांगतो. पहिले, विकत घेताना आपला वकील आपण नेमावा, विकणाऱ्याचा अगर दलालाचा नव्हे. आणि त्याच्याकडून निबंधकाच्या दप्तरात मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. त्याची फी व्यवहार झाला काय, मोडला काय, तेवढीच असते. म्हणून त्याला "नको" म्हणणे परवडते. दुसरे, पागडीच्या खोलीला मालकाची लेखी संमती आणि प्रत्येक रुपयाची पावती. पैसे शक्यतो बँकेतून. तिसरे, नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नये. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. चौथे, भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, व ती जबाबदारी मालकाची आहे. पाचवे, नव्या प्रकल्पातले घर दाखविणाऱ्या दलालाचा रेरा नोंदणी क्रमांक विचारावा. २०२३ पासून महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. हे पाऊल चांगले. मात्र जुन्या चाळीतली खोली, पुनर्विक्रीचे घर, भाड्याची जागा इथे या कायद्याचा हात सहसा पोचत नाही. काकाची फसगत आजही जशीच्या तशी होऊ शकते.

आणि गिरणी कामगारांच्या वारसांना एक विनंती. २०१२ पासून म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडती काढल्या. प्रत्येक सोडतीच्या आधी कोणी ना कोणी दारात येतो आणि "नंबर लावून देतो" म्हणून पैसे मागतो. म्हाडा घरे देण्यासाठी दलाल नेमीत नाही. ती स्वतःच तसे जाहीर करीत असते. आमच्या कचेरीत महिन्यातून एक तरी कुटुंब असे पैसे गमावून येते, आणि आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो तोच, जो चौकीवर काकाला विचारला होता.

शेवटी एवढेच. घर पाहायला जाल तेव्हा भिंतीचा रंग नंतर पाहा. वलणीवर काय वाळते आहे आणि दुधाचे खाडे कुठवर मांडले आहेत, ते आधी पाहा. शेजारच्या दाराची कडी वाजवून दोन शब्द विचारा. आम्ही ती कडी वाजविली असती तर ते दार उघडायला अर्धे मिनिट लागले नसते.